दहा बोटांचा अहवाल

“सरकारच्या मशीनला न्हाई गावली आमची बोटं, आणि ही बाई आलीया डबी घिऊन.”

हे वाक्य माझ्या मानेमागून, हातभर अंतरावरून, स्वयंपाकघराच्या पडद्यातून आलं. मी खुर्चीत वाकून लॅपटॉपची वायर सोडवत होते. बोलणारीला वाटलं असेल, बाईला ऐकू जात नाही. किंवा जावं म्हणूनच बोलली असेल.

“बोटं बघून अक्कल कळती म्हणं. मग टाचा बघून काय कळतं?”

“आत्ती, गप की गं,” आतूनच कुणीतरी पोरगी हसू दाबत म्हणाली.

ही चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा मी छत्तीसची होते आणि शाळेतल्या पोरांच्या बोटांचे ठसे घेत गावोगाव हिंडत होते. चोरांचे घेतात तसे नाही. चोरांचे ठसे निदान खऱ्या कामाला येतात.

एका कंपनीची मी गावपातळीवरची एजंट होते. कंपनीचं म्हणणं असं, की आईच्या पोटात मेंदू आणि बोटांवरच्या रेषा एकाच वेळी तयार होतात, म्हणून दहा बोटांचे ठसे घेतले की मेंदूचा नकाशाच हाती येतो. लॅपटॉपला काडेपेटीएवढी डबी जोडायची, तिच्या काचेवर पोराचं बोट टेकवायचं, हिरवा दिवा लागला की पुढचं बोट. आठ दिवसांनी चाळीस पानांचा गुळगुळीत अहवाल यायचा. वरती दहा रंगांत कापलेला मेंदू, वाढदिवसाच्या केकसारखा. आत दहा प्रकारच्या बुद्ध्या, पहिलीपासून दहावीपर्यंत नंबर लावलेल्या. कंपनी हुशार. कुठल्याच पोराला ढ म्हणायची नाही. प्रत्येकाची कुठली ना कुठली बुद्धी पहिली यायचीच.

मी स्वतः आठवी शिकलेली. पुढचं जे काही आलं ते गडहिंग्लजच्या एका सायबर कॅफेत फरशी पुसता पुसता. मालक जेवायला गेला की मी खुर्चीत. टायपिंग आलं, इंटरनेट आलं, चार माणसांत न अडखळता बोलणं आलं. कागद तेवढा आला नाही. आठवीच्या गुणपत्रकानंतर माझ्या नावाचा एकही कागद या जगात नव्हता. आणि कंपनीनं सांगितलं होतं, महिन्यात दहा पोरं पुरी करा, ‘प्रमाणित समुपदेशक’ असं सर्टिफिकेट मिळेल. फोटोसहित. सोनेरी शिक्क्याचं.

त्या महिन्यात माझी आठ झाली होती. आजऱ्याच्या पलीकडच्या त्या गावात, आनंदराव दोरुगड्यांच्या घरात, दोन पोरं होती. आठ आणि दोन दहा. तेवढं गणित मला येत होतं.

आनंदरावांचं काजू फोडायचं छोटं युनिट. घराच्या मागं पत्र्याची शेड. माणूस बोलायला मऊ, कपाला बशी लावून चहा देणारा.

“मॅडम, तुम्हाला सरळच सांगतो,” ते म्हणाले. “कोल्हापुरात माझा मेहुणा आहे. त्याच्याकडं एका पोराची सोय होती. दोघांची न्हाई. तेजूनं आत्ताच दहावीची परीक्षा दिलीय, ऋतू दहावीत जाणार. कुणाला पाठवायचं? आम्ही अडाणी माणसं. म्हटलं, विज्ञानालाच ठरवू दे. रिपोर्ट म्हणंल तसं.”

मला तेव्हा भरून आलं होतं, खरंच. म्हटलं, असे बाप असतात तर.

ऋतुराज पुढं आला. मिशी फुटू लागलेला, गुडघ्यावर कबड्डीचं खरचटलेलं, थोडा घाबरलेला. “दुखतं काय?” म्हणाला. त्याची बोटं मऊ, स्वच्छ. दहा बोटांना दहा हिरवे दिवे, दोन मिनिटांत काम झालं.

मग आनंदरावांनी पडद्याकडं बघून हाक मारली. “तेजू, हात धुऊन ये!”

तेजस्विनी ओढणीला हात पुसत आली. तिच्याबरोबर एक वास आला. काजूच्या टरफलात तेल असतं. जळजळीत, काळं. एकदा लागलं की कातडं सोलवटून काढतं. हा वास नाकात बसला की त्या दिवशी भाकरी गोड लागत नाही. पोरगी पंधरा वर्षांची, डोळे लख्ख, दोन वेण्या. तिचा अंगठा मी काचेवर ठेवला. लाल दिवा.

पुसून परत ठेवला. लाल.

“कोरडे आहेत,” मी म्हणाले आणि स्पिरिटचा बोळा काढला. तर्जनी, मधलं, करंगळी. लाल, लाल, लाल. तेव्हा कुठं मी तिचा हात उलटा करून बघितला. बोटांची टोकं काळपट, चकचकीत, सोललेल्या काजूगरासारखी गुळगुळीत. रेघ म्हणून नाही. घासून घासून नवं कोरं केलेलं बोट.

“किती वर्षं करतेस?”

“चौथीपासून. सुट्टीत जास्त.” मग हळूच, “हातमोजे आणलेत पप्पांनी. पण त्यानं काम उरकत नाही.”

दहांतली सात बोटं आलीच नाहीत. कंपनीचा नियम होता, दोनपेक्षा जास्त बोटं नाही आली तर चाचणी रद्द. तेजूनं पडद्यावरचे ते सात लाल चौकोन बघितले. पोरीला वाचता येत होतं.

“मॅडम,” ती अगदी खालच्या आवाजात म्हणाली, “ह्यात गणित पहिलं आलं तर मला कोल्हापूरला पाठवतील ना?”

“पाठवतील की.”

“मग ह्यापेक्षा मी एखादा गणिताचा पेपर सोडवून दाखवला तर नाही चालणार?”

मी हसले. देवाशपथ, मी हसले. एवढं शहाणपणाचं वाक्य त्या घरात त्या दिवशी दुसऱ्या कुणी बोललं नव्हतं, आणि मी त्याला हसले.

“झालं काय मॅडम?” आनंदराव दारातून म्हणाले.

तेजूनं माझ्याकडं बघितलं. मी तिच्याकडं.

“झालं,” मी म्हणाले आणि लॅपटॉप मिटला.

संध्याकाळी घरी चहा टाकला, उकळू लागला तसा गॅस बारीक केला, आणि तेजस्विनी आनंदराव दोरुगडे या नावापुढं माझी दहा बोटं एकामागून एक काचेवर टेकवली. हिरवा, हिरवा, हिरवा. चहा उतू जायच्या आत काम झालं. वाईट वाटलं का? खोटं कशाला सांगू, नाही वाटलं. म्हटलं, पोरीचं नाव नुसतं दाखवायला जोडलेलं, खरा प्रश्न पोराचा. असं मला वाटलं. मला. बाईला.

आठ दिवसांनी अहवाल आले. पाकिटं उघडायचा मला अधिकार नव्हता. उघडली. ऋतुराजची पहिली बुद्धी ‘शारीरिक व हालचालींची’. दुसरी संगीत. तार्किक-गणिती नववी. आणि तेजस्विनीच्या नावाचं पाकीट, म्हणजे माझं, त्यात पहिल्या नंबरवर ठळक अक्षरांत: तार्किक व गणिती बुद्धी. ‘वैद्यकीय, अभियांत्रिकी अथवा संशोधन क्षेत्रात उत्तुंग यशाची क्षमता.’

आता हा सगळा बाजार बिनबुडाचा आहे हे मला दुसऱ्या महिन्यातच कळलं होतं. एका पोराचे ठसे चुकून दोनदा गेले, तर दोन वेगळे मेंदू आले होते. तरी ते पान हातात घेऊन मी बराच वेळ बसले. उत्तुंग. आठवीत गणितात एकोणचाळीस मार्क पडले तेव्हा बाबा म्हणाले होते, बास झालं, हिच्या डोक्यात बटाटं भरल्यात. मी ते मानलं होतं. अठ्ठावीस वर्षांची असताना दुकानदारानं सुट्टे पैसे परत दिले तरी मोजायला लाजत होते, इतकं मानलं होतं. आणि आता हे पान. त्या रात्री नवऱ्याला भाजी वाढताना मी उगाचच पाढे म्हणत होते. सतराचा, एकोणीसचा. आले की हो. अडखळत, पण आले.

एका खोट्या कागदानं छत्तीस वर्षांच्या बाईला एकोणीसचा पाढा येतो. मग पंधरा वर्षांच्या पोरीला काय काय आलं असतं.

दोरुगड्यांकडं गेले तर सगळे जमले होते. आनंदराव इस्त्रीच्या शर्टात. त्यांची बायको शालन दाराच्या चौकटीत, मांडीवर सूप घेऊन काजूगरावरची साल काढत बसलेली. ही बाई तोवर माझ्यासमोर कधी बोलली नव्हती आणि कधी रिकामी बसली नव्हती. आतल्या बाजूला आनंदरावांची थोरली बहीण हौसाबाई. नवऱ्यानं टाकलेली, वीस वर्षं भावाच्या शेडमध्ये काजू फोडणारी. ती पडद्यातली ‘आत्ती’ हीच. तेजू तिच्या शेजारी, हात ओढणीत गुंडाळून.

मी आधी ऋतुराजचा अहवाल वाचला. शारीरिक बुद्धी, खेळ, मैदान, ताल.

ऋतूचा चेहरा असा उजळला की काय सांगू. “म्हणजे कबड्डी!” तो म्हणाला. “पप्पा, बघा, मी म्हणत नव्हतो?”

“गप,” आनंदराव म्हणाले. “दुसरा वाचा मॅडम.”

मी दुसरा वाचला. गणित पहिलं. तर्क. संशोधन. माझा आवाज थोडा चढला असेल. स्वतःची तारीफ वाचताना चढतोच. तेजू माझ्याकडं बघत होती. तिला माहीत होतं की ती बोटं तिची नाहीत. कुणाची, ते माहीत नव्हतं. पण डोळ्यांत असं काही होतं, जसं की कुणाचीही असूदेत, फक्त मागं घेऊ नका.

मग आनंदराव हसले. मऊ, समजूतदार, गिऱ्हाइकाला वजनातली चूक दाखवताना हसावं तसं.

“मॅडम, नावं उलटी पडल्यात.”

“म्हणजे?”

“ह्याचं तिला आणि तिचं ह्याला गेलंय. होतं असं. कंपनी मोठी, पाकिटं हजारो. आमच्या काजूच्या बॉक्सवर पण कधी कधी चुकीचं लेबल लागतं की.”

“पप्पा, ते माझंच वाटतंय,” ऋतू म्हणाला. “कबड्डी माझीच—”

“तुला काय कळतंय? तुझी आजी म्हणायची, ह्याचं कपाळ डॉक्टरचं हाय. जन्मला तेव्हापासनं म्हणायची.” मग माझ्याकडं वळून, “पोरीचं हाताचं काम चांगलं, ते आलंय की त्यात बरोबर. शारीरिक, हालचाल. हिच्याइतक्या चपळाईनं काजू शेडमध्ये कुणी फोडत न्हाई. तुम्हीच सांगा, कुणाचं कुठलं?”

तोच माणूस, ज्यानं विज्ञानाला ठरवू दे म्हटलं होतं. विज्ञानानं ठरवलं, तर विज्ञानाचंच लेबल चुकलं. पण मी काय म्हणणार होते? नावं उलटी नाहीत म्हणाले असते, तर मग ठसे कुणाचे हे आलंच असतं. माझं सर्टिफिकेट परवाच आलं होतं. भिंतीवर खिळा मारून झाला होता.

“होऊ शकतं,” मी म्हणाले. “दुरुस्त करून आणते.”

तेजूनं मान खाली घातली नाही. त्यापेक्षा वाईट केलं. तिनं समजून घेतल्यासारखी मान हलवली, जशी मोठी माणसं हलवतात.

दुरुस्त म्हणजे काय, तर माझ्याच कॉम्प्युटरवर दोन नावं इकडची तिकडं. तेजूच्या नावापुढं आता तार्किक-गणिती बुद्धी नववी. आणि ऋतूच्या नावापुढं माझा मेंदू. आनंदरावांनी तो चाळीस पानी मेंदू प्लास्टिकमध्ये घालून देव्हाऱ्याशेजारी ठेवला, हळदकुंकू लावून. आठवी शिकलेल्या बाईच्या मेंदूला ते कुंकू बघून मला हसू यायला हवं होतं. मला शिसारी आली. ती सगळी त्यांचीच आली असती तर बरं झालं असतं; निम्मी माझी स्वतःची होती.

जूनमध्ये दहावीचा निकाल लागला. दुसऱ्या दिवशी आजरा स्टँडवर तेजूचे गणिताचे चौगुले सर मला आडवे आले. शांत माणूस, पण त्या दिवशी हातातली छत्री माझ्यावर रोखून बोलत होते.

“तुम्हीच ना त्या बोटंवाल्या बाई? पोरीला गणितात सत्त्याण्णव आहेत. शाळेत पहिली. मी घरी पेढे घेऊन गेलो, तर बाप मला चाळीस पानं दाखवतो! म्हणतो, सर, हे मार्क पाठांतराचे, मुळात हिची गणिताची बुद्धी नववी आहे, पुढं झेपायचं नाही. सत्त्याण्णव, बाई! मी बावीस वर्षं शिकवतोय, मला पोरगी कळत नाही, आणि तुमच्या डबीला कळते?”

“सर, मी...”

“आणि वाईट काय माहितीये? पोरगी पण म्हणायला लागलीय, सर, राहूदे, मला नाही झेपणार.”

ते गेले. माझी बस लागली होती, ती सोडून मी दोरुगड्यांच्या गावाची धरली.

आता पुढचं आधीच सांगून टाकते, कारण मला ते शेवटी सांगायचं नाही. तेजस्विनी कोल्हापूरला गेली नाही. आजऱ्यात आर्ट्सला बसली, सकाळी कॉलेज आणि दुपारी शेड. ऋतुराज गेला, बारावी सायन्सला दोनदा आपटला, कबड्डीही सुटली, आणि परत आला तेव्हा त्याच्या वाट्याला शेडच आली. तेजू वीस वर्षांची असताना आनंदरावांनी आपोआप बी फोडणारं मशीन घेतलं. त्याला बोटं लागत नव्हती. आता तेजू एका बँकेच्या गावातल्या केंद्रावर बसते, म्हाताऱ्याकोताऱ्यांचे अंगठे मशीनवर घेऊन त्यांना पेन्शन काढून देते. मागच्या वर्षी मी गेले तर तिनं आधी स्वतःचा अंगठा काचेवर टेकवला. हिरवा दिवा. “ताई, बघा,” ती म्हणाली, “काम सुटलं तसे माझे परत आले.” हसत म्हणाली. मला हसता आलं नाही.

तर त्या दिवशी. शेडमध्ये सगळीच होती, माल जायचा होता. एका रांगेत फोडायची चार मशीनं. एक बी पात्यांत धरायची, पायानं पायडल दाबायचं, हातानं दांडा ओढायचा, कट्. हौसाबाई एका मशीनवर, तेजू दुसऱ्यावर. आदल्या दिवशी शाळेत पहिली आलेली पोरगी. कट्. कट्. शालन कोपऱ्यात सूप घेऊन. ऋतू बॉक्सवर बसून शेंगदाणे खात होता.

“या मॅडम,” आनंदराव म्हणाले. “पेढे घ्या. तेजू पहिली आली.”

“तेच बोलायला आलेय. तिला पाठवा कोल्हापूरला.”

“मॅडम, तुम्हीच रिपोर्ट दिला.”

“रिपोर्ट चुकतो कधी कधी.”

“तेव्हा तर पंच्याण्णव टक्के अचूक म्हणाला हुता.” त्यांचा आवाज अजून मऊच. “आता पोरीच्या मार्कानं तुमचं मन विरघळलं, मी समजू शकतो. पण भावनेवर न्हाई चालत. शास्त्र हाय ते.”

हौसाबाईचं मशीन थांबलं.

“बाई,” तिनं मला हाक मारली. पहिल्यांदाच थेट. “एक इचारू? गेल्या साली शाळंत सरकारी कारड काढायला बोलावलं हुतं. मी तीनदा गेले. त्या पोरानं माझी बोटं धुतली, पुसली, तेल लावलं, पावडर लावली. मशीन म्हणं, ठसा न्हाई. आजी, तुमाला बोटंच न्हाईत म्हणाला. हसली समदी.” तिनं दोन्ही पंजे वर केले. काळे, गुळगुळीत. “वीस वर्सं ह्या दांड्यावर. आणि ही पोर सा वर्सं माझ्या शेजारी. सरकारच्या मशीनला माझी बोटं गावंनात, मग हिची तुमच्या काडेपेटीला गावली कशी?”

तेजूनं हात मागं घेतले.

“दाखव गं,” हौसाबाई म्हणाली. “बापाला दाखव. एकदा तरी बघू दे त्याला.”

तेजूनं हात पुढं केले नाहीत. माझ्याकडं बघितलं, आणि मला कळलं, की मी नाही बोलले तर ही पोर आयुष्यात कधी बोलणार नाही, माझी अब्रू झाकून ठेवील.

“नाही गावली,” मी म्हणाले. “ते ठसे माझे आहेत.”

आनंदराव पुढं आले. “कुठले?”

“तेजूच्या नावावर गेलेले. घरी बसून मी माझीच बोटं लावली.”

“म्हणजे ते गणिताचं... जे ऋतूचं...”

“ते माझं.”

शेंगदाणे खाणाऱ्या ऋतूला ठसका लागला. मग तो हसायलाच लागला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. “पप्पा, तुम्ही मॅडमच्या डोक्याला हळदकुंकू लावताय!”

“थोबाड फोडीन!” मऊ आवाज गेला तो गेलाच. “आणि तुम्ही! किती शिकलाय ओ तुम्ही?”

“आठवी.”

“आठवी! माझ्या पोराच्या आयुष्याशी...”

“पोरीच्या,” हौसाबाई म्हणाली. “पोराचं कुटं काय बिघडलंय? आता त्यो कागद घाल चुलीत, आन् पोरीची बॅग भर. सत्त्याण्णव तिचं हाईत न्हवं? त्ये तरी ह्या बाईनं न्हाई लिवलं.”

मी तेजूकडं बघितलं. तिचा पाय पायडलवर तसाच होता, पण चेहऱ्यावर ते परत आलं होतं. पहिल्या दिवशी पेपर सोडवून दाखवू का विचारताना होतं ते.

आनंदराव शेडभर बघू लागले, कशाचा तरी आधार शोधावा तसे. “एकटी पोरगी. कोल्हापूरसारखं गाव.”

“मामाच्या घरात ऱ्हायाची हाय, रस्त्यावर न्हाई.”

“मेहुण्याला मी ऋतूचं सांगितलंय.”

“ऋतूची धावी इथंच हुईल. फुडं बघता यील.”

“मला चालतंय, आत्ती,” ऋतू म्हणाला. “मला जायाचंच नाही. ताईला पाठवा.”

“तुला कुणी विचारलं? उद्या लगीन व्हायचं तिचं. डॉक्टरीण हून पाच-सा वर्सं...”

“डॉक्टर नाही, पप्पा,” तेजू म्हणाली. त्या दिवशीचं तिचं पहिलं वाक्य. “मला नुसतं गणित शिकायचंय.”

“नुसतं गणित शिकून काय हुतं?”

“मला माहीत नाही. शिकल्यावर कळेल.”

आनंदराव पेढ्यांचा उघडा पुडा उगाच दोरीनं बांधू लागले. हौसाबाई कमरेवर हात देऊन उभी. मला वाटलं, झालं. मला वाटलं, माझं सर्टिफिकेट गेलं खड्ड्यात, ही पोर जाते आता. दोन श्वासांएवढा वेळ मला खरंच तसं वाटलं.

आणि मग कोपऱ्यातून शालन बोलली. मान वर केली नाही, हातातल्या गरावरची साल काढता काढताच बोलली. आवाजात राग नव्हता की लाज नव्हती.

“रिपोट कुणाचा का असंना. ही उटली, तर उद्यापासनं त्या मशीनवर कोण बसायचं? तेवडं सांगा.”